किनाऱ्यावर टेंडर काढणाऱ्या साहेबांना खुलं पत्र: नुसतं 'एसएस' (स्टेनलेस स्टील) लिहू नका, ग्रेड लिहा

प्रति,
कोकण किनारपट्टीवरच्या सगळ्या नगरपरिषदा, ग्रामपंचायती, बांधकाम खात्याचे शाखा अभियंता, उपअभियंता साहेब, आणि ज्यांच्या सहीने एस्टिमेट पास होतं ते सगळे

साहेब, नमस्कार.

मी फॅब्रिकेशनवाला. रेलिंग, जिने, टाकीचे स्टँड, जेट्टीच्या शिड्या, देवळांची गेटं, बीचवरची बाकडी असली कामं आमच्या शेडमध्ये होतात आणि त्यातली बरीचशी समुद्राच्या तोंडावरच बसतात. तुमच्याकडून निघणारी टेंडरं मी नेमाने वाचतो आणि त्यात एक ओळ दिसली की डोक्याला हात लावतो. ओळ साधारण अशी असते, "स्टेनलेस स्टील रेलिंग पुरवणे व बसवणे, उत्तम दर्जाचे, संबंधित अभियंत्याच्या निर्देशानुसार." बस. ग्रेड नाही, क्रोमियम किती, निकेल किती, मॉलिब्डेनम आहे की नाही, कशाचा पत्ता नाही. मग दोन पावसाळ्यांत रेलिंगवर तांबूस डाग, जॉइंटखाली गंजाचे ओघळ, कुणीतरी फोटो काढून टाकतो, पेपरात बातमी येते, लोक कॉन्ट्रॅक्टरला शिव्या घालतात, मग तुम्हाला घालतात, आणि पुढच्या बजेटमध्ये परत तीच ओळ जशीच्या तशी कॉपी होते. म्हणून हे पत्र. माझं मागणं एकच आहे, खाऱ्या हवेत लागणाऱ्या स्टीलचं नाव लिहू नका, त्याच्या आत काय घातलंय ते लिहा आणि माल आला की ते तपासून घ्या.

हे आत्ता का लिहितोय तेही सांगतो. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणात राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला, नऊ महिनेसुद्धा भरले नव्हते. पडायच्या सहा दिवस आधी नट-बोल्ट गंजल्याचं पत्र बांधकाम खात्याकडून गेलेलं होतं. गंज हे एकटंच कारण होतं असं मी म्हणत नाही, फ्रेम आणि वेल्डिंगबद्दलही तेव्हा बरंच बाहेर आलं, पण त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र हळहळला आणि आम्हा लोखंडात हात घालणाऱ्यांना तर अन्न गोड लागलं नाही. मे २०२५ मध्ये तिथे ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला, त्याचा आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचा केलाय. चांगली गोष्ट झाली. पण तेवढी काळजी फक्त पुतळ्याला का? जेट्टीच्या ज्या शिडीवरून मच्छीमार रोज डोक्यावर टोपली घेऊन चढतो तिला का नाही?

आता मुद्द्यावर येतो. साधं लोखंड, आमचं एमएस, पाणी आणि हवा मिळाली की गंजतं हे शाळेतल्या पोराला पण माहीत आहे. पण गंजाचा खरा त्रास असा की तो धरून राहत नाही, पापुद्रे सुटतात, ज्या लोखंडापासून झाला त्याच्या दुपटीहून जास्त जागा खातो, त्याला फटी असतात आणि त्या फटीतून परत पाणी आत जाऊन खालचं ताजं लोखंड गंजायला लागतं, म्हणजे हे थांबतच नाही. त्यात खारी हवा असली तर विचारूच नका. गंजणं ही मुळात विजेची क्रिया आहे, मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज जाते, आणि वर मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं त्यामुळे पत्रा वरून सुका दिसला तरी ओलाच असतो.

ह्याच लोखंडात वजनाने किमान साडेदहा टक्के क्रोमियम घातला की खेळ बदलतो. क्रोमियम ऑक्सिजनला लोखंडाच्या आधी पकडतो आणि वर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो. जाडी काही नॅनोमीटर, डोळ्याला दिसत नाही, म्हणून तर खालची चकाकी तशीच राहते. हा थर घट्ट असतो, त्याला फटी नसतात आणि मुख्य म्हणजे ओरखडा पडला तर हवा लागताच आपोआप परत धरतो. रंगाला हे जमत नाही, रंग खरवडला की खरवडला. दोन-तीन टक्के क्रोमियम घालून पण हे होत नाही, थर सलग धरायला साडेदहा तरी लागतातच. १९१३ साली इंग्लंडात शेफिल्डला हॅरी ब्रेअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होता, त्याने साधारण १३ टक्के क्रोमियमवालं पोलाद ओतलं आणि ते गंजत नाही हे लक्षात आलं. जर्मनीत क्रुपच्या लोकांनीही त्याच सुमाराला क्रोमियम आणि निकेल दोन्ही घालून पोलाद केलं होतं. म्हणजे ही माहिती शंभर वर्षांहून जुनी आहे, नवीन काही नाही.

निकेल घातलं म्हणून स्टील गंजत नाही असा बऱ्याच जणांचा समज आहे, इंजिनियर लोकांचासुद्धा. निकेलचा गंजाला विरोध करायला उपयोग होतो, पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे. ते पोलादाची आतली रचना बदलतं, ऑस्टेनाइट म्हणतात ती, त्यामुळे पाइप न तडकता वाकतो, वेल्डिंग नीट धरतं आणि चुंबक चिकटत नाही. ३०४ ग्रेडमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, भांडीवाले अठरा-आठ म्हणतात ते हेच. पण निकेल महाग. म्हणून २०० सिरीज आली. त्यात निकेल कमी करून मँगेनीज आणि नायट्रोजन घालतात, रचना तीच राहते, बफिंग केल्यावर चकाकीही तीच. आता इथे मेख आहे. निकेल कमी केलं की ती रचना टिकवायला क्रोमियमसुद्धा कमी करावा लागतो. पुस्तकातल्या २०२ मध्ये क्रोमियम १७ ते १९ आणि निकेल ४ ते ६ असतं, पण बाजारात २०० सिरीज म्हणून जो स्वस्त माल फिरतो त्यात निकेल जेमतेम एक टक्का आणि क्रोमियम १५ च्या आसपास किंवा त्याच्याही खाली असा माल भरपूर आहे. पुण्या-नागपुरात घरातल्या जिन्याला तो खुशाल लावा, माझा काही आक्षेप नाही, वर्षानुवर्षं टिकतो. पण तोच माल देवगड-वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर लावला की पहिल्याच उन्हाळ्यात डाग दिसायला लागतात.

आणि साहेब, ते चुंबक लावून बघणं कृपा करून बंद करा. साइटवर येऊन चुंबक लावतात, चिकटलं नाही की "ओरिजिनल आहे" म्हणून मान डोलावतात. २०० सिरीजलाही चुंबक चिकटत नाही, ३०४ ला नाही, आणि ज्याबद्दल पुढे सांगतो त्या ३१६ ग्रेडलाही नाही. उलट ४३० ग्रेड, ज्यात निकेल जवळपास नसतंच पण क्रोमियम १६-१७ टक्के असतो, त्याला चुंबक चिकटतं आणि तरी ते खरंखुरं स्टेनलेस आहे. म्हणजे चुंबकाने गंजाबद्दल काहीच कळत नाही.

आता मॉलिब्डेनम, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड क्रोमियमच्या थरावर सरसकट हल्ला करत नाही, ते एखादी कमजोर जागा शोधून तिथेच भोक पाडतं. भोक पडलं की आत बारीक खड्डा होतो, खड्ड्यात ऑक्सिजन पोचत नाही म्हणून थर परत धरत नाही, आतलं पाणी आम्ल होत जातं, ते अजून क्लोराइड आत खेचतं आणि खड्डा खोल खोल जातो. बाहेरून बघाल तर टाचणीच्या टोकाएवढा तांबूस ठिपका, बाकी पाइप चकचकीत. मी असे पाइप कापून बघितलेत, ठिपक्याच्या खाली पोकळी ठिपक्याच्या कितीतरी मोठी असते आणि कधीकधी आरपार. रेलिंगचा पाइप असतो दीड एमएमचा, त्याला किती वेळ लागणार? पोलादात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलं की हे खड्डे पडायचं प्रमाण खूप कमी होतं. ३१६ ग्रेड म्हणजे तेच, क्रोमियम १६ ते १८, निकेल १० ते १४ आणि मॉलिब्डेनम २ ते ३.

ह्याचा एक साधा हिशोब आहे, जगभर वापरतात, तुमच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होईल. क्रोमियमचा टक्का, त्यात मॉलिब्डेनमचा टक्का ३.३ ने गुणून मिळवा, नायट्रोजनचा टक्का १६ ने गुणून मिळवा. जितका आकडा मोठा तितका खड्ड्यांना विरोध जास्त. ३०४ चा आकडा १८-१९ च्या घरात येतो, ३१६ चा २४ च्या आसपास, आणि २२०५ म्हणून डुप्लेक्स स्टील मिळतं त्याचा ३५ पर्यंत जातो. ह्या हिशोबात मँगेनीजला जागाच नाही. उलट पोलादात मँगेनीज सल्फाइडचे बारीक कण असतात तिथूनच खड्डा सुरू व्हायची शक्यता जास्त असते. म्हणजे २०० सिरीजमध्ये जे भरपूर घातलंय ते समुद्रावर कामाचं नाही आणि जे कामाचं आहे तेच कमी केलंय.

जागेचं पण बघावं लागतं. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं पावसाने गंज चढतो. स्टेनलेसच्या बाबतीत किनाऱ्यावर बऱ्याचदा उलटं असतं, उघड्यावरचं रेलिंग आपला कोकणातला पाऊस धुऊन काढतो, मीठ निघून जातं, पण शेडच्या खाली, पागोळीच्या आत, बाकड्याच्या खालच्या बाजूला जिथे पाऊस लागत नाही पण खारं वारं लागतं तिथे मीठ साठत राहतं आणि तिथेच आधी डाग येतात. ऑक्टोबर ते मे तर कुठेच धुतलं जात नाही. म्हणून ३१६ लावलं तरी पंधरा दिवसांनी एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारायला एक माणूस द्या. ३१६ म्हणजे अमरपट्टा नाही.

तपासायचं कसं, तर ते फार अवघड नाही. आमच्याकडे पाइप आला की एक जण पाइपाच्या टोकाला कानशीने थोडं घासतो, त्यावर टेस्टिंग लिक्विडचा एक थेंब टाकतो आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या वायरी लावतो, काही सेकंदांत रंग बदलतो, लालसर झाला की मँगेनीजवाला माल, म्हणजे २०० सिरीज. मॉलिब्डेनमसाठी वेगळं लिक्विड मिळतं. किमतीला किरकोळ गोष्ट आहे, खिशात मावते. एका किनाऱ्यावरच्या कामात, जागेचं नाव घेत नाही, कागदावर ३०४ होतं, एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, ३०४ चढलं होतं, बिल ३०४ चं निघालं होतं आणि थेंब लालभडक झाला. तेव्हा तिथे हजर असलेल्या कुणालाच काही बोलता येईना, कारण तपासणी बिल निघाल्यावर झाली, आधी नाही. थेंबाची टेस्ट अंदाजापुरती आहे हे मला मान्य आहे, खात्री हवी तर हातात धरायचं एक्स-रे मशीन येतं, पीएमआय म्हणतात, पाइपला टेकवलं की क्रोमियम, निकेल, मँगेनीज, मॉलिब्डेनमचे टक्के स्क्रीनवर येतात. मोठ्या कामाला एका दिवसासाठी माणूस बोलावून हे करता येतं. फक्त कार्बन त्यात कळत नाही, त्यासाठी लॅबला तुकडा पाठवावा लागतो.

कार्बनचं महत्त्व वेल्डिंगमध्ये आहे. वेल्ड करताना जॉइंटच्या शेजारचा पट्टा ४५० ते ८५० डिग्रीत काही वेळ राहतो, तेवढ्यात पोलादातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या कडेला कार्बाइड करून बसतो, आणि त्या कडेला थर धरायला क्रोमियम उरत नाही. पाइप ३१६ चा आणि गंज नेमका वेल्डच्या बाजूला, हे बघितलं असेल तुम्ही. ३१६ एल मध्ये कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत ठेवतात म्हणून वेल्डिंगच्या कामाला 'एल'च लिहायचं. फिलर वायर, म्हणजे जॉइंटमध्ये वितळवून भरायची तार, तीसुद्धा ३१६ एलचीच हवी, ३०८ ची वायर वापरली तर टाक्यात मॉलिब्डेनम नसतं आणि एवढं सगळं करून त्या टाक्यातूनच सुरुवात होते. वेल्डनंतर जो निळा-तपकिरी रंग चढतो तो पिकलिंग पेस्ट, म्हणजे आम्लाचा लेप, लावून काढायलाच पाहिजे, नुसतं बफ मारून चालत नाही. आणि एमएस घासलेली ग्राइंडरची डिस्क, एमएसचा वायर ब्रश एसएसला लावायचा नाही, लोखंडाचे कण रुततात आणि आठवड्यात ठिपके उठतात. हे शेवटचं आमच्या बिरादरीतल्या लोकांसाठीही आहे, त्यांनी पण वाचावं.

नट-बोल्ट हा तर माझा दुखरा विषय. रेलिंग एसएसचं, बेस प्लेट एसएसची, आणि बोल्ट झिंक मारलेला एमएसचा, का तर बोल्टची ओळ एस्टिमेटमध्ये वेगळी नव्हती. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की जो कमी टिकाऊ तो दुसऱ्याच्या वाटचाही गंजतो, आणि मोठ्या एसएस प्लेटमध्ये छोटा एमएस बोल्ट म्हणजे सगळा मारा त्या बोल्टवर. ब्राँझ आणि एमएसची जोडी पण अशीच. बोल्ट, वॉशर, अँकर सगळं त्याच ग्रेडचं लिहा, आणि दोन धातू टाळता येतच नसतील तर मध्ये नायलॉनचं वॉशर आणि बुश.

हल्ली आर्किटेक्ट लोक कॉर्टेन सुचवतात, गंजल्यासारखा दिसणारा पत्रा, कॅफेबिफेच्या बाहेर असतो तो. अमेरिकेत १९३३ मध्ये आलेलं हे स्टील, त्यात थोडं तांबं, थोडा क्रोमियम, फॉस्फरस असतं, त्यामुळे वरचा गंजच घट्ट बसून खालच्याला राखतो. पण तो थर घट्ट व्हायला भिजणं आणि पूर्ण सुकणं हे चक्र लागतं आणि मीठ नको असतं. आपल्याकडे दोन्ही जमत नाही. कोणी दिल्लीच्या लोहस्तंभाचं उदाहरण देतं, सोळाशे वर्षं उभा आहे म्हणे. आहेच, अभिमान वाटावा असं काम आहे ते. पण आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवलंय की त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर असल्यामुळे वर राखणारा थर तयार झाला, आणि दिल्लीची हवा वर्षातला बराच काळ कोरडी. तोच स्तंभ हर्णैच्या बंदरावर असता तर इतका टिकला असता असं मला वाटत नाही.

काँक्रीटमधल्या सळईबद्दल थोडक्यात. सीआरएस (गंजरोधक स्टील) म्हणून मिळणाऱ्या सळईत तांबं-क्रोमियम किरकोळ असतं, साध्या टीएमटीपेक्षा बरी, पण ती स्टेनलेस नाही, भरतीचं पाणी लागतं तिथे तिच्यावर विसंबू नका. मेक्सिकोत प्रोग्रेसो गावाला १९४१ मध्ये पुरा झालेला लांबच लांब धक्का आहे, त्यात ३०४ ची सळई घातली होती, तो अजून वापरात आहे आणि त्याच्या शेजारी पुढे साध्या सळईने बांधलेला धक्का समुद्राने खाऊन टाकला. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पांबन पुलात स्टेनलेसची सळई वापरलीय. स्टेनलेस सळईसाठी आयएस १६६५१ हे मानक २०१७ पासून आहे, म्हणजे कागद नाही म्हणून अडलं असं म्हणायची सोय नाही.

पैशाचं बोलूया, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. ३१६ चा भाव ३०४ च्या साधारण दीडपट धरा, रोज बदलतो पण एवढं धरून चला. पण रेलिंगच्या दरात नुसतं मटेरियल नसतं, मजुरी, गॅस, वाहतूक, फिटिंग सगळं तेवढंच लागतं, त्यामुळे पूर्ण काम दीडपट महाग होत नाही. आणि तीन-चार वर्षांनी तेच रेलिंग भंगारात घालून परत टेंडर काढायचं तो खर्च कुठल्या कागदावर येतच नाही. ग्रेड न लिहिता टेंडर काढलं की एल वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, कोण येणार? जो सगळ्यात कमी क्रोमियमचा माल घालेल तोच. जो माणूस खरं ३१६ धरून रेट भरतो तो दरवेळी बाहेर पडतो, दोन-चार वेळा पडला की तो पण तेच करायला लागतो नाहीतर टेंडर भरणं सोडतो. आमच्या भागातली चांगली वर्कशॉपं अशीच सरकारी कामातून निघून गेली, आता गोव्याच्या हॉटेलांची कामं करतात. हे मला फार लागतं, कारण आपल्या गावच्या जेट्टीला आपल्याच गावचा चांगला हात लागत नाही.

तर एस्टिमेटमध्ये ही ओळ घाला, माझं काही नाव नको, खुशाल कॉपी करा:

"भरतीरेषेजवळील व खाऱ्या हवेतील सर्व रेलिंग, शिड्या, बाके, बेस प्लेट, नट-बोल्ट, वॉशर व अँकर ३१६ एल ग्रेड स्टेनलेस स्टीलचे, मॉलिब्डेनम किमान २ टक्के, पाइपची जाडी किमान २ मिमी, वेल्डिंग ३१६ एल फिलरने, वेल्डनंतर पिकलिंग व पॅसिव्हेशन, हीट नंबरसह मिल टेस्ट सर्टिफिकेट सादर करणे, बसवण्यापूर्वी साइटवर अभियंत्यासमोर पीएमआय तपासणी, अहवाल एमबीला जोडणे, तपासणीशिवाय बिल देय नाही."

जिथे लाटा थेट अंगावर येतात तिथे २२०५ मागा. गावातले रस्ते, शाळा, किनाऱ्यापासून बरंच आत असलेलं सगळं, तिथे ३०४ पुरे आहे, उगीच ३१६ लिहून पैसे घालवू नका. दोष दायित्व कालावधीत डाग आले तर ते धुऊन, पॉलिश करून देणं कॉन्ट्रॅक्टरवर ठेवा आणि त्यानंतर धुण्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम देखभालीत धरा.

ज्या कुणा साहेबांना साइटवर थेंबाची टेस्ट बघायची असेल त्यांनी आमच्या शेडला यावं, २०२, ३०४, ३१६ तिन्हीचे तुकडे काढून ठेवलेत. आणि टेंडर निघायच्या आधी स्पेसिफिकेशन वाचून बघायला कुणी बोलावलं तर मी माझ्या खर्चाने येईन, त्या कामाला माझा रेट भरणार नाही हेही आत्ताच लिहून देतो.

आपला,
किनाऱ्यावरचा एक फॅब्रिकेटर